जन्म इथला, नोंद कुठली?

आम्ही गोरेगावचे, असे सांगितले की ऐकणारा लगेच विचारतो, "पूर्वेला राहता की पश्चिमेला?" त्याला मुंबईचे गोरेगाव वाटते. कोकणातला माणूस असला तर त्याला रायगड जिल्ह्यातले गोरेगाव आठवते. आम्ही या दोन्ही गावांचे नव्हेत. आमचे गोरेगाव गोंदिया जिल्ह्यातले. झाडीपट्टीतला हा तालुका. धानाच्या बांध्या, बोड्या, तलाव आणि एका अंगाला नागझिऱ्याचे जंगल. गाव सांगताना जिल्हा सांगावाच लागतो, आणि जिल्हा सांगताना इतिहास.

इथे १९५० साली जन्मलेल्या एखाद्या म्हाताऱ्याचे कागद पाहा. त्याच्या आजोबांच्या कागदावर 'मध्य प्रांत व वऱ्हाड' आहे. त्याचा स्वतःचा जन्म मध्यप्रदेश राज्यातला, जिल्हा भंडारा. तेव्हा नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि त्याचा जिल्हाही बदलला. या सगळ्या काळात त्याने गाव सोडले नाही. कोतवाल बुकात एक नोंद, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात दुसरी, रेशनकार्डावर तिसरी आणि आधारवर चौथी. माणूस ओसरीवर बसून राहिला आणि सीमा त्याच्या डोक्यावरून जात राहिल्या.

त्या सीमा देशाच्या आतल्या होत्या म्हणून त्याचे काही बिघडले नाही. देशाची सीमा अशी डोक्यावरून गेली, किंवा आईच्या कडेवर बसून ओलांडली गेली, तर त्या मुलाचे काय होते? त्याला कोणता देश आपला म्हणतो? हा प्रश्न दूरचा वाटतो. आमच्या जिल्ह्यापुरता तरी तो दूरचा नाही.

गोरेगावहून दक्षिणेला निघावे. कोहमाऱ्याला मुंबई-कोलकाता महामार्ग ओलांडावा, नवेगावबांध मागे टाकावे आणि अर्जुनी मोरगाव तालुक्यात शिरावे. गोठणगावजवळ प्रतापगडाची टेकडी आहे. महाशिवरात्रीला तिथे महादेवाची मोठी यात्रा भरते आणि त्याच परिसरात ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांच्या नावाचा दर्गा आहे. आमच्या भागातले हिंदू-मुसलमान दोघेही तिथे पिढ्यान्‌पिढ्या जात आले आहेत. प्रतापगडला जाणाऱ्या माणसाला वाटेत रंगीत पताका फडफडताना दिसतात. ती नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत. आम्ही तिला नुसते 'तिबेटी कॅम्प' म्हणतो.

मार्च १९५९ मध्ये दलाई लामांनी तिबेट सोडले आणि त्यांच्यामागे हजारो लोक भारतात आले. शासनाने त्यांना ठिकठिकाणी जमिनी देऊन वसवले. आमच्याकडची वसाहत १९७२ सालची. बर्फातून आलेली ही माणसे झाडीपट्टीच्या उन्हात धान लावायला शिकली. हिवाळ्यात विदर्भातल्या शहरांत फुटपाथवर स्वेटरची दुकाने लागतात, ती याच लोकांची. आमच्या लहानपणीचे स्वेटर त्यांच्याकडचेच असायचे. आई भाव करायची, तिबेटी बाई हसून मराठी-हिंदीत उत्तर द्यायची. ही बाई या देशाची नागरिक आहे की नाही, हा विचार तेव्हा आमच्या मनाला शिवला नव्हता.

त्याच तालुक्यात अरुणनगर, गौरनगर, दिनकरनगर, संजयनगर, पुष्पनगर अशी गावे आहेत. ही नावे झाडीपट्टीतली वाटत नाहीत, आणि ती नाहीतच. हे 'बंगाली कॅम्प'. फाळणीनंतर, विशेषतः १९६४ च्या पूर्व पाकिस्तानातील दंगलींनंतर, तिकडचे लक्षावधी हिंदू शेतकरी व कोळी, त्यांत बहुसंख्य नामशूद्र, भारतात आले. त्यांच्यासाठी केंद्राने १९५८ पासून दंडकारण्य योजना चालवली होती. रायपूरजवळच्या माना छावणीतून माणसे कोरापूट, बस्तरकडे पाठवली गेली. तेव्हाच्या चांदा आणि भंडारा जिल्ह्यांच्या जंगलपट्टीतही त्यांच्या वसाहती झाल्या. या लोकांनी आमच्या भागाला तलावातल्या मासळीचा धंदा नव्याने शिकवला. त्यांची मुले मराठी शाळेत शिकली, बोलू लागली. पण नामशूद्र ही जात पश्चिम बंगालच्या अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या नाही. त्यामुळे इथे जन्मलेल्या मुलाला जातीच्या दाखल्यासाठीही 'तू मूळचा कुठला?' हा प्रश्न सुटलेला नाही.

एका तालुक्यात, काही कोसांच्या आत, दोन सीमा ओलांडून आलेल्या लोकांची मुले वाढली. ही मुले सीमा ओलांडून आलेली नाहीत. त्यांना कुणीतरी आणले, किंवा ती इथेच जन्मली. या मुलांना कायद्याने काय म्हटले, तो इतिहास पाहण्यासारखा आहे.

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली आणि १९५५ मध्ये नागरिकत्व कायदा झाला. त्याचा मूळ नियम सरळ होता. या भूमीवर जन्मला तो नागरिक. आई-बाप कोण, कुठून आले, कागद आहेत का, हे विचारण्याचे कारण नव्हते. परकीय वकिलातीतील अधिकाऱ्यांची मुले वगैरे थोडे अपवाद होते. फाळणीच्या रक्तातून नुकत्याच बाहेर आलेल्या देशाने हा नियम केला, हे विसरता कामा नये. संशयाला त्या वेळी आजच्यापेक्षा कितीतरी जास्त कारणे होती. तरीही जन्म हा पुरेसा पुरावा मानला गेला.

पुढे आसामात आंदोलन झाले. १५ ऑगस्ट १९८५ रोजी आसाम करार झाला आणि त्यानंतर १९८६ ची दुरुस्ती आली. १ जुलै १९८७ पासून नियम बदलला: भारतात जन्मलेल्या मुलाच्या आई-वडिलांपैकी एक तरी भारतीय नागरिक हवा. मग २००३ ची दुरुस्ती झाली आणि ती ३ डिसेंबर २००४ पासून लागू झाली. आता दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक असेल तर दुसरा 'बेकायदा स्थलांतरित' नसावा. याच दुरुस्तीने बेकायदा स्थलांतरित ठरलेल्याला नोंदणीने वा वास्तव्याने नागरिकत्व मिळवण्याचे दारही बंद केले.

आता तिबेटी कॅम्पातले एक घर डोळ्यांसमोर आणा. थोरला १९८५ चा, मधला १९९० चा, आणि थोरल्या दोघांच्या मानाने खूप उशिरा झालेली धाकटी २००६ ची. आई-बाप दोघेही तिबेटहून आलेले. तिघांची दाई एकच असेल, शाळा एकच, तिघे एकाच ताटात जेवलेले. कायद्याच्या लेखी थोरला जन्मतः भारतीय आहे; मधला आणि धाकटी परदेशी. आईच्या पोटी कोणत्या साली आलो, एवढाच फरक.

थोरल्याचा हक्कसुद्धा सहज मिळालेला नाही. हिमाचल प्रदेशात १९८६ साली जन्मलेल्या नामग्याल डोल्कर या तरुणीला पासपोर्ट नाकारण्यात आला, कारण तिने स्वतःला तिबेटी म्हटले होते. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली. डिसेंबर २०१० मध्ये न्यायालयाने निकाल दिला की कायदा तिला जन्मतः नागरिक ठरवतो. तिने स्वतःला काय म्हटले याने तो हक्क जात नाही. १९५५ च्या कायद्यात लिहिलेली गोष्ट मान्य व्हायला पंचावन्न वर्षे लागली. फेब्रुवारी २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेल्या तिबेटींना मतदार म्हणून नोंदवण्याचे निर्देश दिले. २०१७ मध्ये पासपोर्टसाठी अटी लावण्यात आल्या: परदेशी म्हणून असलेले नोंदणी प्रमाणपत्र परत करा, निर्वासित म्हणून मिळणारे लाभ सोडा, वसाहत सोडा. म्हणजे नागरिक व्हायचे तर आई-बापाचे घर सोडायचे. कित्येक तरुणांनी पासपोर्टपेक्षा घर पसंत केले असेल, तर त्यांना नावे कोण ठेवणार?

बंगाली कॅम्पांची वाट वेगळी. १९७१ पूर्वी आलेल्यांना टप्प्याटप्प्याने नागरिकत्व मिळत गेले. नंतर आलेल्यांची मुले अधांतरी राहिली. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व सुधारणा कायदा आला आणि ११ मार्च २०२४ रोजी त्याचे नियम निघाले. अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पूर्वी आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिश्चन आता बेकायदा स्थलांतरित मानले जात नाहीत. त्यांना पाच वर्षांच्या वास्तव्यावर नागरिकत्व मागता येते. अर्जुनी मोरगावच्या बंगाली कुटुंबाला यातून दिलासा मिळत असेल तर आम्हांला आनंदच आहे. ती आमची शेजारची माणसे आहेत. त्यांनी सोसलेले आम्ही पाहिले आहे. पण याच कायद्यात तिबेट नाही, श्रीलंकेचे तमिळ नाहीत, आणि त्या तीन देशांतून आलेल्या कुटुंबांपैकी मुसलमान नाहीत.

इथे आपण, या वार्षिकाचे वाचक, आवंढा गिळतो. कारण आता तिसऱ्या मुलाकडे पाहावे लागते.

हा तिसरा मुलगा आमच्या तालुक्यात आढळत नाही. तो मुंबईच्या, ठाण्याच्या झोपडपट्टीत आहे. त्याचे आई-बाप बंगाली बोलतात आणि मुसलमान आहेत. ते मुर्शिदाबादचे असतील, हावड्याचे असतील किंवा खरोखरच बांगलादेशातले असतील. पोलीस चौकीत हा फरक करायला वेळ नसतो. जुलै १९९८ मध्ये युती सरकारच्या काळात मुंबईतून बंगाली भाषक मुसलमानांना, त्यांत जरीकामाचे कारागीर होते, बांगलादेशी म्हणून पकडून कुर्ला-हावडा एक्स्प्रेसने सीमेकडे नेले जात होते. हावडा जिल्ह्यातील उलुबेरिया स्थानकावर लोकांनी गाडी अडवली आणि त्यांना उतरवून घेतले, कारण त्यांच्या मते ही माणसे त्यांच्याच मुलखातली होती. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, जून २०२५ मध्ये, मुंबई परिसरातून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपार करण्यात आले आणि ते भारतीय असल्याचे समोर आल्यावर परत आणावे लागले. त्याच महिन्यात दिल्लीत पकडलेल्या एका गर्भवती कष्टकरी बाईला तिच्या आठ वर्षांच्या मुलासह बांगलादेशात धाडले गेले. कलकत्ता उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये ती कारवाई रद्द ठरवली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि डिसेंबर २०२५ मध्ये ती माय-लेकरे परत आली. तिचे दिवस तिकडेच भरले असते तर त्या बाळाचा जन्म कुठल्या रजिस्टरात लिहिला गेला असता?

ही उदाहरणे भारतीय असूनही परके ठरवल्या गेलेल्यांची आहेत. त्यांच्याविषयी बोलणे सोपे आहे. कठीण प्रश्न पुढचा आहे. आई-बाप खरोखरच कागदांविना सीमा ओलांडून आले असतील तर? मूल दोन वर्षांचे असताना आणलेले असेल, किंवा भिवंडीत जन्मलेले असेल, मराठी बोलत असेल, दहावीला बसले असेल, तर? त्याचा गुन्हा कोणता?

हा वाद जगात सर्वांत मोठ्याने अमेरिकेत झाला. टेक्सास राज्याने १९७५ मध्ये कायदा केला की बेकायदा आलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी राज्याचा पैसा मिळणार नाही. टायलर नावाच्या गावातल्या शाळांनी अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला एक हजार डॉलर फी मागितली. मेक्सिकोतून आलेली मजूर कुटुंबे न्यायालयात गेली. १५ जून १९८२ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. आई-बापाच्या कृत्याची शिक्षा मुलाला देणे न्यायाला धरून नाही, हा त्याचा गाभा. शाळेचे दार उघडले. पण शाळा संपल्यावर पुढे काय? या मुलांना कायदेशीर दर्जा देणारे 'ड्रीम ॲक्ट' नावाचे विधेयक ऑगस्ट २००१ मध्ये सिनेटमध्ये मांडले गेले. एक प्रमुख मांडणारे डेमोक्रॅट होते आणि एक रिपब्लिकन. पुढच्याच महिन्यात ११ सप्टेंबरचे हल्ले झाले आणि परक्यांविषयी बोलण्याची भाषाच बदलून गेली. डिसेंबर २०१० मध्ये हे विधेयक प्रतिनिधीगृहात मंजूर झाले, पण सिनेटमध्ये ५५ विरुद्ध ४१ मते पडूनही अडले, कारण तिथे साठ लागत होती.

मग १५ जून २०१२ रोजी, त्या शाळेच्या निकालाला बरोबर तीस वर्षे झाली त्या दिवशी, अध्यक्ष ओबामांनी कायद्याविना एक सवलत जाहीर केली. सोळा वर्षांचे होण्याआधी आलेले, सलग पाच वर्षे राहिलेले, शिकत असलेले वा शिकलेले, गंभीर गुन्हा नसलेले तरुण. त्यांना दोन-दोन वर्षांसाठी हद्दपारीपासून अभय आणि कामाचा परवाना. आठ लाखांहून अधिक तरुणांना ती केव्हा ना केव्हा मिळाली. नागरिकत्व मात्र नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये ट्रम्प सरकारने ती रद्द करण्याची घोषणा केली, जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द करण्याची पद्धत चुकीची ठरवली, आणि २०२१ मध्ये टेक्सासच्या न्यायालयाने नवे अर्ज मंजूर करणे थांबवले. ज्यांना विशीत अभय मिळाले ते चाळिशीकडे झुकले. त्यांना स्वतःची मुले झाली. तरी दर दोन वर्षांनी अर्ज चालूच.

विरोधकांचे म्हणणे ऐकल्याशिवाय हा वाद पुरा होत नाही. ते म्हणतात, नियम मोडणाऱ्याला बक्षीस दिले तर उद्या आणखी लोक मुलांना कडेवर घेऊन येतील. रीतसर रांगेत उभ्या असलेल्यांवर हा अन्याय आहे. आणि ज्या भूमीवर आधीच लोक राहतात त्यांच्या भाषेचे, जमिनीचे काय? या शेवटच्या प्रश्नाला आम्ही हलके लेखत नाही. त्रिपुरातले मूळचे आदिवासी निर्वासितांच्या लोंढ्याने आपल्याच राज्यात अल्पसंख्य झाले, हा इतिहास आहे. आसामी माणसाची भीती केवळ द्वेषातून आलेली नाही. सीमा राखण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे. पण हे सारे मुद्दे येणाऱ्या प्रौढाबद्दलचे आहेत. इथे वाढलेल्या मुलाला लावले की ते लंगडे पडतात. रांग त्याने मोडलेली नाही. त्याला परत पाठवायचे म्हटले तर 'परत' हा शब्दच चुकतो. जिथे तो कधी राहिला नाही तिथे तो परत कसा जाईल?

आपल्या शेजारी देशानेच याचे एक उत्तर दिले आहे. १९७१ नंतर बांगलादेशात अडकलेले उर्दू भाषक, ज्यांना बिहारी म्हणतात, छत्तीस-सदतीस वर्षे छावण्यांत कुजले. पाकिस्तानने त्यांना पुरते नेले नाही, बांगलादेशने आपले म्हटले नाही. दोन्हीकडे मुसलमानच होते, हे आपण लक्षात ठेवावे. धर्म एक असला म्हणून माणूस आपोआप आपला ठरत नाही. मे २००८ मध्ये ढाक्याच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला की १९७१ साली जे अल्पवयीन होते आणि जे त्यानंतर जन्मले ते बांगलादेशचे नागरिक आहेत. बापाने युद्धात कोणाची बाजू घेतली, हे मुलाच्या कपाळावर लिहायचे नाही, असाच त्याचा अर्थ.

आणि आपली घटना? तिचे अनुच्छेद १४ आणि २१ वाचून पाहा. तिथे शब्द 'नागरिक' नाही, 'व्यक्ती' आहे. चकमा निर्वासितांच्या प्रकरणात जानेवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले की नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जीविताचे रक्षण करणे राज्याला बंधनकारक आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा अनुच्छेद २१-अ सुद्धा 'सर्व मुले' म्हणतो. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी आसामच्या नागरिक नोंदवहीची अंतिम यादी आली आणि १९ लाखांहून अधिक लोक बाहेर राहिले. त्यात आई-बाप आत आणि मूल बाहेर अशी घरे निघाली. जानेवारी २०२० मध्ये केंद्राच्या वतीने ॲटर्नी जनरलनी सर्वोच्च न्यायालयात ग्वाही दिली की अशा मुलांना आई-बापांपासून तोडून स्थानबद्धता केंद्रात पाठवले जाणार नाही. अशी ग्वाही द्यावी लागली, यातच प्रश्नाची खोली कळते.

नागरिकत्व कायद्यातच एक छोटी खिडकी आहे. तिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. कलम ५ चे उपकलम ४ म्हणते की विशेष परिस्थिती आहे अशी खात्री पटल्यास केंद्र सरकार कोणत्याही अल्पवयीन मुलाची नागरिक म्हणून नोंदणी करू शकते. 'कोणत्याही' या शब्दाला धर्म नाही, देश नाही, सनावळी नाही. अमेरिकेला दोन दशके विधेयकावर झगडून जे करता आले नाही, त्याचे बीज आपल्या १९५५ च्या कायद्यात आहे. इथे वाढलेल्या, इथल्या शाळेत शिकलेल्या मुलांसाठी ही 'विशेष परिस्थिती' कोणती, याचे नियम करा, अशी मागणी व्हायला हवी. ती तिबेटी कॅम्पातल्या धाकटीलाही लागू पडेल, बंगाली कॅम्पातल्या पोरालाही, आणि भिवंडीतल्या तिसऱ्यालाही.

ही मागणी आपण, मराठी मुसलमानांनी, कधी केली का? प्रामाणिकपणे सांगायचे तर नाही. बांगलादेशी हा शब्द उच्चारला गेला की आपण घाईघाईने सांगतो, "आम्ही इथलेच, आमच्या बापजाद्यांच्या कबरी इथेच." ते खरेच आहे. पण त्या घाईत आपण त्या मुलापासून दोन पावले दूर सरकतो. आपल्याला त्याच्या बाजूला उभे दिसण्याची भीती वाटते. २०१९-२० च्या हिवाळ्यात आपल्या मोहल्ल्यांत कागदांच्या फायली तयार झाल्या, नावातल्या चुका सुधारण्यासाठी रांगा लागल्या. एका कागदावर शेख, दुसऱ्यावर शेक. माहेरी मुमताज, सासरी आणखी काही. जानेवारी २०२५ मध्ये मालेगाव व अन्य ठिकाणच्या उशिराच्या जन्मनोंदींवरून वाद पेटला, राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि अशा नोंदींचे काम थांबवले. तेव्हा ज्यांची नोंद राहून गेली होती अशा अस्सल इथल्या लोकांच्याही पोटात गोळा आला. परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्यात, १९४६ च्या जुन्या आणि २०२५ च्या नव्याही, आपण परके नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच असतो. एकदा हा भार शेजाऱ्याच्या खांद्यावर चालतो म्हटले की आपल्या खांद्यावर यायला वेळ लागत नाही.

म्हणून आपले घर आधी नीट करावे हेही खरे. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावी. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर शाळेपासून पासपोर्टपर्यंत तोच मुख्य कागद आहे. आखातात नोकरी करणाऱ्या कोकणातल्या बांधवांनी लक्षात ठेवावे की तिथे जन्मलेल्या मुलाची नोंद भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत व्हायला हवी. दुबईत वा दोह्यात जन्मले म्हणून ते मूल तिथले होत नाही. अमेरिकेत रीतसर व्हिसावर गेलेल्या मराठी कुटुंबांची मुलेसुद्धा एकविसाव्या वर्षी आई-बापाच्या व्हिसातून बाहेर पडतात आणि जिथे वाढली तिथेच परकी होतात. हे दुखणे गरिबांचे वा मुसलमानांचे एकट्याचे नाही. कुठल्याही घराला ते शिवू शकते.

आपल्या परंपरेला तर हा विषय नवा नसावा. आपली कालगणनाच हिजरतीपासून सुरू होते. मदिनेच्या हिजरतीच्याही आधी, इसवी सन ६१५ च्या सुमारास, मक्केतला छळ असह्य झालेली माणसे समुद्र ओलांडून हबश देशात गेली. तिथला राजा नज्जाशी ख्रिस्ती होता. मक्केच्या सरदारांनी नजराणे पाठवून या लोकांना परत मागितले. राजाने दोन्ही बाजू ऐकल्या आणि नजराणे परत केले. हजरत जाफर यांचा मुलगा अब्दुल्ला त्याच परमुलखात जन्मला. एका परधर्मी राजाने आसरा दिला म्हणून ते मूल वाढले. ही कथा आपण मिलादच्या बयानात ऐकतो आणि घरी येऊन वर्तमानपत्रात 'घुसखोर' हा शब्द वाचून पान उलटतो.

प्रतापगडाला आम्ही अजूनही जातो. दर्ग्यावर फातिहा पढून खाली आले की पायथ्याशी चहाच्या टपरीवर सगळ्यांची पोरे दिसतात: गोंडांची, पोवारांची, बंगाल्यांची, तिबेट्यांची, आमची. झाडीपट्टीतल्या पोरांची भाषा सगळ्यांच्या तोंडी एकच आहे. त्यातले कोण १ जुलै १९८७ च्या अलीकडचे, कुणाच्या बापाचा कागद कुठल्या सनाचा, हे चेहऱ्यावरून सांगता येत नाही. गावच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात मात्र ही नावे एकाखाली एक लिहिलेली आहेत, जन्मतारीख आणि जन्मगावासह. गुरुजींनी नाव लिहिताना सीमा विचारली नव्हती. देशाच्या रजिस्टरातही ही नावे तशीच, एकाखाली एक, लिहिली जावीत. आणि ती मागणी फक्त आपल्या मुलासाठी केली तर आपल्याला तिचा अधिकार उरत नाही.